तेल-वायू कायद्यात तीस वर्षं काढता येतात का?

मसुदाकार:
नमस्कार मंडळी. एका फर्मच्या ऊर्जा विभागात तीन वर्षं झाली. काम म्हणजे डेटा रूम (व्यवहाराची कागदपत्रं जिथे ठेवतात ती जागा) उपसणं, जॉइंट ऑपरेटिंग ॲग्रीमेंटची, म्हणजे एकाच तेलक्षेत्रातल्या भागीदार कंपन्यांच्या आपसातल्या कराराची, परिशिष्टं तपासणं आणि सिनिअरांच्या मसुद्यात कलमांचे क्रमांक जुळवणं. काम आवडतं. पण मित्र म्हणतात बुडत्या जहाजावर चढलायस, तेलच संपलं तर काय करशील? शिवाय फर्ममध्ये तगादा लागलाय की लवाद (करारांची भांडणं लढवणं) किंवा व्यवहार (करार घडवणं), काहीतरी एक धर. ज्यांचे केस याच कामात पांढरे झालेत त्यांनी खरं काय ते सांगा. ‘मेहनत कर’ सोडून काहीही चालेल.

जुनी_फाईल:
पांढरे केस हजर आहेत. पहिली सहा वर्षं फर्ममध्ये होते, त्यापुढची सगळी कंपन्यांच्या विधी विभागात.

बुडत्या जहाजाचं आधी उरकते. मी १९९८ मध्ये लागले तेव्हा तेल बॅरलला दहा डॉलरच्या आसपास लोळत होतं आणि मलाही हेच ऐकवलं गेलं. २००८ मध्ये ते १४७ वर गेलं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकन वायदा उणे ३७.६३ वर बंद झाला, म्हणजे विकणाराच वर पैसे देत होता. भाव चढला की तेलक्षेत्रांतले वाटे विकत घ्यायची झुंबड उडते. पडला की टेक-ऑर-पे (माल उचला नाहीतर तरीही पैसे द्या) आणि थकलेल्या कॅश कॉलची (भागीदारांकडे मागितलेल्या खर्चाच्या हिश्श्याची) भांडणं येतात. टेबलावरच्या फायली बदलतात, टेबल रिकामं होत नाही. आणि क्षेत्र आटलं तरी विहिरी बुजवायच्या, प्लॅटफॉर्म उपसून काढायचे, हे काम राहतंच. ब्रिटनच्या १९९८ च्या पेट्रोलियम ॲक्टखाली तर कधीच वाटा विकून गेलेल्या जुन्या मालकालाही त्या खर्चासाठी परत बोलावता येतं. ती विक्रीची कागदपत्रं कोणीतरी वाचायला लागणारच ना?

आता मूळ मुद्दा. तू ज्या परिशिष्टांत दिवस घालवतोयस, त्यांच्यावरच माझी नोकरी टिकली. कशी ते सांगते.

मी ऑपरेटर कंपनीत, म्हणजे सगळ्या भागीदारांच्या वतीने खोदकाम चालवणाऱ्या कंपनीत, नवीन होते. विहीर ठरलेल्या खोलीला पोचली होती, वायूच्या खुणा चांगल्या होत्या, आणखी खाली जायचं होतं. भागीदारांना नोटीस गेली. रिग (खोदकामाचं यंत्र) जागेवर असताना उत्तराला ४८ तास, असं आमच्या करारात होतं. एका भागीदाराकडे तेव्हा शुक्र-शनिवारची सुट्टी. ४८ तास संपले, त्यांचा चकार शब्द नाही. ड्रिलिंग मॅनेजरचा फोन आला, “जाऊ का खाली?” मी ऐटीत म्हटलं, “मौनं सम्मतिलक्षणम्, जा.” फोन ठेवला आणि मग कलम उघडलं. मुदतीत उत्तर न देणाऱ्याचं मत विरोधात धरावं, असं स्वच्छ लिहिलेलं. त्याच्याशिवाय बहुमताचा आकडा गाठला जात नव्हता. परत फोन केला तोवर काम सुरू झालं होतं. थांबवलं. रिग १९ तास नुसती उभी राहिली, भाडं चालूच. पुढे संमती आली आणि सगळे विसरले. दोन वर्षांनी त्या भागीदाराचे ऑडिटर आले आणि त्यांनी नेमकं त्या १९ तासांवर बोट ठेवलं. हा अधिकार कुठून आला? अकाउंटिंग प्रोसीजर नावाच्या परिशिष्टातून, जे आमच्या विभागात कोणी वाचलेलं नव्हतं. मी त्या आठवड्यात वाचलं. पुढची दहा वर्षं त्या विषयाचं काहीही आलं की माझ्याकडे यायचं.

लवाद की व्यवहार हे आत्ताच ठरवू नकोस. शक्य असेल तर दोन वर्षं लवादात काढ, करार कुठे फाटतो ते बघ आणि मग मसुदे करायला परत ये. १९५१ चा अबू धाबीचा निवाडा काढून वाच, छोटासाच आहे. १९३९ ची सवलत, म्हणजे तेल काढायचा कंपनीला दिलेला हक्क, किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक समुद्रापलीकडच्या समुद्रतळाला, म्हणजे खंडमंचालाही लागू होते का, हा वाद होता. सही झाली तेव्हा खंडमंचावर हक्क सांगायची कल्पनाच रुजलेली नव्हती, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांची तसा हक्क सांगणारी घोषणा १९४५ ची. निवाडा देणाऱ्या लॉर्ड ॲस्क्विथ यांनी प्रादेशिक समुद्र कंपनीला दिला, खंडमंच नाही. तू आज ज्या मसुद्यात क्रमांक जुळवतोयस, तोही असाच कोणाच्या तरी हातात पडेल.

उतारू:
मी नऊ वर्षांनी बाहेर पडलो. वरचं सगळं मान्य, पण रिग दुसऱ्या टाइम झोनमध्ये असते आणि ड्रिलिंग मॅनेजर रात्री दोनलाच फोन करतो, हे फाईलबाईंनी सोयीस्कर गाळलंय.

जुनी_फाईल:
@उतारू, गाळलं नाही, सवय झाली :)

ड्रिलबिट:
वकील नाही, मोजमापवाला आहे. एकच विनंती. गॅस विक्रीच्या करारात नुसतं ‘घनमीटर’ लिहू नका हो. शून्य अंशाला मोजलेला घनमीटर आणि पंधरा अंशाला मोजलेला घनमीटर, दाब तोच धरला तरी सुमारे साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. नॉर्मल की स्टँडर्ड, तापमान किती, दाब किती, हे व्याख्येत पाहिजे. उष्मांकाचंही तसंच: ग्रॉस की नेट (जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णता धरून की वगळून), नैसर्गिक वायूत जवळपास दहा टक्के इकडेतिकडे. वीस वर्षांच्या करारात याचे किती पैसे होतात ते तुम्हीच बघा. आम्हाला बोलावतात ते भांडण लागल्यावर, सही करताना नाही. करिअर करायचंच असेल तर एखाद्या मीटरिंग स्टेशनवर दिवसभर उभा राहा. कोणी हाकलत नाही, उलट चहा पाजतात.

मसुदाकार:
सगळ्यांचे आभार. ड्रिलबिट, तुमचा प्रतिसाद वाचून हातातला मसुदा उघडला. किमतीच्या सूत्रात ‘स्टँडर्ड घनमीटर’ आहे, डिलिव्हरीच्या परिशिष्टात नुसतं ‘घनमीटर’, आणि व्याख्यांत दोन्ही नाहीत. परवा सही आहे. सिनिअर म्हणाले होते परिशिष्टांना हात लावू नको, ती तांत्रिक टीमकडून आली आहेत. सांगू का?

जुनी_फाईल:
आत्ता सांग. तोंडी नको, ईमेल कर, दोन्ही कलमांचे क्रमांक टाक आणि तांत्रिक टीमला सीसीत घे.