मदत हवी आहे: टाक्यांच्या सरावासाठी न फाटणारं पॅड (पुणे)

नमस्कार मंडळी. इंटर्न डॉक्टरांना जखमेवर टाके घालायला शिकवायचे आहेत, सरावाच्या पॅडवर गाडी अडली आहे. स्वस्त सिलिकॉन पॅडमध्ये आत जाळी नसते, त्यामुळे गाठ आवळली की ते फाटतं. मग मुलं धागा सैल सोडतात आणि हाताला तीच सवय लागते. फार आवळूनही चालत नाही: जखमेची कडा पांढरी पडली म्हणजे तिथला रक्तपुरवठा तुटला, जखम भरणार कशी? कडा नुसत्या टेकायला हव्यात, किंचित बाहेर वळलेल्या.

धागा ३-० (हा जाडीचा आकडा) नायलॉन, सुई रिव्हर्स कटिंग, म्हणजे बाहेरच्या गोलाईवर धार असलेली. टोकापासून दोन तृतीयांशावर नीडल होल्डरने (सुई धरायच्या चिमट्याने) पकडायची, कडेपासून ५ मिमीवर काटकोनात टोचायची आणि मनगट फिरवत तिच्या गोलाईनेच बाहेर काढायची. केळ्यावर टोचणं जमतं, पण ताण अजिबात कळत नाही.

जाळीचं, तीन थरांचं (त्वचा, चरबी, स्नायू) पॅड सदाशिव पेठेत किंवा कॅम्पात कुठे मिळेल? साधारण किंमतही सांगा. मुदत संपलेली, न फोडलेली नायलॉनची पाकिटं कुणाकडे पडून असतील तर तीही हवी आहेत, फक्त सरावासाठी. वापरलेल्या सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकल्या जातील.