पिल्लू घेताना ब्रीडर कसा पारखलात? – अनुभव धागा

जातिवंत कुत्र्याचे पिल्लू घ्यायचे ठरले की घरात चर्चा होते ती जातीची, रंगाची आणि नावाची. पिल्लू ज्याच्याकडून यायचे त्या माणसाची चौकशी सर्वांत शेवटी होते, आणि पुढची दहा-बारा वर्षे ज्या गोष्टींवर अवलंबून असतात त्यांतल्या बऱ्याचशा तोवर त्याच्या हातून घडून गेलेल्या असतात. म्हणून हा धागा. ब्रीडरचे नाव आणि किंमत न लिहिता, तुम्ही काय पाहिले, कोणते कागद मागितले आणि मुख्य म्हणजे ब्रीडरने तुम्हाला काय विचारले, हे कृपया लिहावे. जातिवंत पिल्लू विकत घ्यावे की निराधार कुत्रा दत्तक घ्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याला स्वतंत्र धागा हवा. येथे तो नको.

लॅब्रेडॉर, मादी

आम्ही प्रश्नांची यादी घेऊन गेलो होतो, पण पहिला अर्धा तास प्रश्न विचारले ते ब्रीडरबाईंनीच. दिवसा घरी कोण असते, घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी आहे का, आम्ही बाहेरगावी गेल्यावर कुत्र्याकडे कोण पाहणार, वजनदार कुत्र्याला रोज जिने चढावे-उतरावे लागतील का, अशी ती रीतसर उलटतपासणी होती. माझ्या यजमानांना ती थोडी खटकली. मला मात्र तिथेच धीर आला.

त्यानंतर त्यांनी फाइल काढली. आई आणि वडील दोघांच्याही खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे व त्यांवरचे अधिकृत दर्जे त्यात होते. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आनुवंशिक असतो आणि पिल्लू दुडदुडत असते तेव्हा तो बहुधा दिसत नाही, म्हणून आईवडिलांची तपासणी हाच हाती असलेला पुरावा. १९६६ साली स्थापन झालेली अमेरिकेतील ओएफए ही कुत्र्यांच्या सांध्यांचे एक्स-रे तपासून दर्जा देणारी संस्था तर कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय खुब्याचा अंतिम दर्जाच देत नाही. त्यामुळे वर्षाच्या मादीला वेत झाले आणि 'सगळे दाखले आहेत' असे कोणी म्हणू लागला, तर तारखा पाहाव्यात. डोळ्यांच्या पडद्याचा हळूहळू ऱ्हास होऊन अंधत्व आणणाऱ्या पीआरए या विकाराची जनुकीय चाचणीही झालेली होती. आई त्या विकाराची वाहक होती आणि वडील पूर्णपणे मुक्त होते. बाईंनी हे स्वतःहून सांगितले व समजावले की अशा जोडीची सुमारे निम्मी पिल्ले वाहक होऊ शकतात, पण त्या विकाराने आजारी एकही होणार नाही. ही गोष्ट लपवणे त्यांना सहज शक्य होते.

विण्याची पेटी मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. आतल्या बाजूने चारही भिंतींना जमिनीपासून काही बोटे उंचीवर आडवी पट्टी ठोकलेली होती. आई भिंतीला टेकून आडवी झाली तरी मागे अडकलेले पिल्लू त्या पट्टीखालच्या फटीत सुरक्षित राहते. पेटीबाहेरच्या जागेत एका कोपऱ्यात फरशी, एकीकडे खरखरीत पायपुसणे, एकीकडे पत्र्याचे झाकण अंथरलेले होते, आणि पिल्ले त्यांवरून बिनदिक्कत फिरत होती. झाकण वाजले की एक पिल्लू दचकून मागे सरायचे आणि पुन्हा त्यावरच पाय ठेवायचे. आई आमच्यापाशी आली, हात हुंगले आणि शेपूट हलवत उभी राहिली.

त्या वेतातले पिल्लू आम्हाला मिळाले नाही, पुढच्या वेतासाठी थांबावे लागले. करारात एक कलम ठळक अक्षरांत होते: कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने कुत्री सांभाळणे अशक्य झाले, तर ती त्यांच्याकडेच परत द्यायची.

जर्मन शेफर्ड, नर

'आई दाखवा' एवढे म्हणून भागत नाही, असे आमच्या अनुभवावरून सांगतो. आम्हाला एक देखणी, शांत मादी दाखवण्यात आली आणि हीच आई, असे सांगितले. सोबत माझ्या मावशी होत्या, ज्यांनी आयुष्यभर गुरे आणि कुत्री पाहिलेली आहेत. त्यांनी मादीच्या पोटाखाली नजर टाकली आणि मला बाजूला बोलावले. पिल्ले पाच-सहा आठवड्यांची असल्याचे सांगितले जात होते, आणि या मादीचे सड मात्र आखडलेले, पोट सपाट आणि केसाळ होते. विणून इतके थोडे दिवस झालेल्या मादीचे सड ओघळलेले आणि त्यांभोवतीचे केस विरळ झालेले दिसतात. पिल्लांना तिच्याजवळ सोडा, अशी विनंती केली, तर 'ती आता अंगावर घेत नाही' असे उत्तर आले. मग एक पिल्लू जवळ जाताच तिने ज्या अनोळखीपणाने त्याला हुंगले, त्यावरून उरलीसुरली शंकाही फिटली. आम्ही निघून आलो. पुढे दुसरीकडून नर घेतला. तिथे आई खोलीत शिरताच सगळी पिल्ले तिच्या पोटाखाली घुसली आणि विचारण्यासारखे काही उरले नाही.

पग, मादी

एका ठिकाणी 'नाक जितके चपटे तितकी क्वालिटी वरची' असे अभिमानाने सांगण्यात आले. त्या पिल्लाचे वडील सावलीत पडल्या पडल्याही घरघरत होते. आम्ही जिच्याकडून पग घेतली तिने आईवडिलांना आमच्यासमोर चालवून, थोडे पळवून आणले आणि नंतर त्यांचा श्वास किती वेळात स्थिरावतो ते पाहा, असे सांगितले. त्यांच्या नाकपुड्या उघड्या होत्या, नाकावरची घडी खोल नव्हती. चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड होते, पण आतले मऊ टाळू त्या मानाने आखूड होत नाही, आणि ते श्वासमार्गात अडथळा आणते. ज्यांना पग, फ्रेंच बुलडॉग किंवा बुलडॉगच हवा आहे त्यांनी निदान आईवडिलांचा श्वास कान देऊन ऐकावा.

बीगल, नर

हा अनुभव लिहिणे कठीण जाते. विक्रेत्याने घर दाखवण्यास नकार दिला, रस्त्यात मध्येच भेटून गाडीतून पिल्लू देऊ केले आणि 'सर्व लसी पूर्ण' असे लिहिलेले कार्ड दिले. तिसऱ्या दिवशी उलट्या व रक्ती जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, निघाला. पिल्लू वाचले नाही. विक्रेत्याने 'तुमच्या घरीच लागण झाली' असे सांगून फोन ठेवला. नंतर आम्ही ते कार्ड नीट पाहिले: सगळ्या तारखा एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, आणि लसीच्या बाटलीवरचे बॅच क्रमांकाचे लेबल एकाही रकान्यात चिकटवलेले नाही.

पशुवैद्य म्हणून थोडेसे

वरील अनुभवाला जोडून लिहिते. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत पार्व्होला बहुतेक वेळा तीन ते सात दिवस, क्वचित त्याहून अधिक दिवस लागतात; त्यामुळे घरी आल्यावर लगेच आजारी पडलेल्या पिल्लाला लागण आधीच झालेली असण्याचा संभव मोठा असतो. हा विषाणू जागेवर अनेक महिने टिकतो, म्हणून त्या घरी लगेच दुसरे पिल्लू आणू नये. आणखी एक गोष्ट अशी की आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या 'सर्व लसी पूर्ण' असूच शकत नाहीत. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीचा परिणाम रोखतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून १६ आठवड्यांपर्यंत किंवा त्याहून थोडे पुढे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. 'पूर्ण' हा शब्द ऐकला की सावध व्हावे. जंतांचेही तसेच: गोलकृमी आईच्या पोटातच आणि नंतर दुधातून पिल्लांत येतात, म्हणून जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू झालेले असावे.

'डॉक्टरांनी तपासले आहे' आणि 'आरोग्य चाचण्या झाल्या आहेत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याच एका मुद्द्यावर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांची फसगत होते. मी पिल्लाचे हृदय ऐकू शकते, टाळू, बेंबी, दात, वृषण पाहू शकते. त्याच्या आईचा खुबा किंवा वडिलांची जनुके मला तपासणीच्या टेबलावर दिसत नाहीत. वंशावळीच्या नोंदणीचा कागदही आरोग्याचा दाखला नव्हे. पूर्वज कोण हे तो सांगतो, ते निरोगी होते की नाही हे नाही. त्या वंशावळीत एकच नाव दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा आले आहे का, हे मात्र जरूर पाहावे.

डाल्मेशियन, मादी

आमच्या ब्रीडरने प्रत्येक पिल्लाच्या दोन्ही कानांची बेअर चाचणी, म्हणजे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद येतो का हे यंत्राने मोजणारी श्रवणचाचणी, केलेली होती. तिचा आलेख कागदावर मिळतो. या जातीत जन्मजात बहिरेपण बरेच आढळते, आणि एका कानाने बहिरे असलेले पिल्लू टाळी वाजवून ओळखता येत नाही, कारण ते दुसऱ्या कानाने ऐकून वळतेच. वेतातले एक पिल्लू तसे निघाले. ते त्यांनी लपवले नाही. प्रजननासाठी वापरायचे नाही, या लेखी अटीवर एका अनुभवी कुटुंबाला दिले.

दुसऱ्या बाजूने

मी स्वतः शेल्टींचे, म्हणजे शेटलंड शीपडॉग या जातीच्या कुत्र्यांचे, प्रजनन करते, म्हणून संकोचूनच लिहीत आहे. मला येणाऱ्या पहिल्या फोनवर बहुधा दोनच प्रश्न असतात: किंमत काय आणि ब्लू मर्ल, म्हणजे निळसर-करड्या अंगावर काळे ठिपके असलेला रंग, आहे का. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून ते जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशी पिल्ले आंधळी, बहिरी किंवा दोन्ही होऊ शकतात. मागणी आहे म्हणून ती जोडी लावणारे लोक आहेत. त्यामुळे रंगावर अडून बसणाऱ्याला मी पिल्लू देत नाही, आणि कोणते पिल्लू कोणाकडे जाणार हेही बव्हंशी मीच ठरवते. रोज पाहिल्यावर त्यांतले धीट कोणते आणि बुजरे कोणते हे मला कळलेले असते, पाहुण्याला एका भेटीत कळत नाही.

आठ आठवड्यांच्या आत मी पिल्लू सोडत नाही. चावा किती जोरात घ्यायचा, हे ते भावंडांशी खेळताना आणि आईने झिडकारल्यावर शिकते. मला विचारावे असे प्रश्न सांगते: या मादीची ही कितवी वेळ, मागच्या वेतातली पिल्ले आज कशी आहेत, त्यांच्या घरच्यांशी बोलता येईल का, आणि तुमच्या कुत्र्यांच्या वंशात कोणता आजार आहे? 'आमच्यात काहीच नाही' असे उत्तर देणाऱ्याने एकतर पाहिलेले नसते किंवा तो सांगत नसतो.

गोल्डन रिट्रीव्हर, मादी

आमचा अनुभव नकाराचा आहे. आमच्याकडे काही आठवड्यांत बाळ येणार होते. ते कळताच ब्रीडरने पिल्लू देण्यास स्पष्ट नकार दिला आणि पहिले काही महिने दोन्ही जिवांना न्याय मिळणार नाही, असे सांगितले. आम्ही नाराज झालो. दुसऱ्या एका विक्रेत्याने त्याच संध्याकाळी, काहीही न विचारता, पैसे पाठवल्यास पिल्लू घरपोच करू, असे कळवले. तेव्हा दोघांतला फरक लक्षात आला आणि आम्ही थांबलो. बाळ चालू लागल्यावर पहिल्या ब्रीडरला पुन्हा फोन केला. त्यांनी पिल्लाऐवजी प्रजननातून निवृत्त केलेली, मुलांत वाढलेली पाच वर्षांची मादी सुचवली, आधी काही दिवस राहायला पाठवली आणि मगच करार केला. नसबंदी त्यांनीच करून दिली होती. खुब्याचे दाखले आणि आजवरच्या सर्व आजारपणांची नोंदवही तिच्यासोबत आली, त्यात एका कानाला पावसाळ्यात वारंवार होणाऱ्या संसर्गाचीही नोंद होती, आणि तो संसर्ग तिला खरोखरच होतो.