मदत हवी आहे: ब्लूटूथ रिमोटचं ओके बटण कोडीत चालत नाही

डेबियन लिनक्स, एक्स११ (पडदा आणि कळा हाताळणारी प्रणाली), कोडी (मीडिया प्लेअर). ब्लूटूथसीटीएलमध्ये (ब्लूटूथ जोडणीची कमांड) पेअर, ट्रस्ट, कनेक्ट तिन्ही केलंय. ट्रस्ट गाळलं तर रिमोट झोपेतून उठल्यावर आपोआप जोडला जात नाही, म्हणून ते आधीच उरकलं.

बाण, होम, आवाज व्यवस्थित. फक्त ओके मुका. ईव्हीटेस्टमध्ये (दाबलेली कळ दाखवणारी कमांड) स्कॅनकोड, म्हणजे रिमोट पाठवतो तो, सी००४१ आणि लिनक्स त्याचा लावतो तो कोड ३५३ (की_सिलेक्ट) दिसतो. एक्स११ला २४७ च्या वरचे कोड कळतच नाहीत, म्हणजे दोष कोडीचा नाही. कोडीच्या कीमॅपची (कुठल्या कळीने काय व्हावं त्याची) फाइल सुचवू नका.

एचडब्ल्यूडीबीत (स्कॅनकोडला दुसरी कळ नेमून देता येते ती हार्डवेअरची यादी) रिमोट ओळखणारी, ईव्हीडेव्ह:इनपुट:बी०००५ने सुरू होणारी ओळ, तिच्याखाली एक स्पेस सोडून सी००४१ = एंटर लिहिलं. बदल लागू करायला सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, युडेव्हएडीएम ट्रिगर या कमांड चालवून झाल्या, रिमोट तोडून पुन्हा जोडला. तरी ३५३च! त्या ओळीतल्या व्हेंडर आयडीतली (उत्पादकाचा क्रमांक) हेक्स अक्षरं (ए ते एफ) स्मॉल आहेत. ती कॅपिटलच लागतात का, की घोडं आणखी कुठे अडलंय?