रेलिगेशनच्या झुंजीत बरोबरीचा एक गुण किती मोलाचा?

संत्रावाला (वरुड तालुका):
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील एव्हर्टन या फुटबॉल क्लबला आपला संघ मानणारी माणसे आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि त्यांचेही एका मुद्द्यावर एकमत होत नाही, म्हणून तो येथे मांडतो. रेलिगेशनच्या, म्हणजे तळाच्या तीन संघांत राहून खालच्या श्रेणीत जाण्याच्या, धोक्यात अडकलेल्या संघाने बरोबरीचा एक गुण पदरात पाडून घ्यावा, की हरण्याचा धोका पत्करून तीन गुणांच्या मागे लागावे? २०२२-२३ च्या हंगामात लेस्टरने ९ सामने जिंकले व ५१ गोल केले, तर आपण ८ सामने जिंकले व अवघे ३४ गोल केले. तरीही लेस्टर ३४ गुणांवर खाली गेले आणि आपण ३६ गुणांवर सतराव्या स्थानी तरलो, कारण आपल्या १२ बरोबऱ्या होत्या आणि त्यांच्या ७. वुल्व्ह्जविरुद्ध आपल्या येरी मीनाने भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला, तेव्हा मी आंबिया बहाराच्या झाडांना ओलीत करीत होतो आणि मोबाइलची रेंज नेमकी त्याच वेळी टिकून राहिली होती. माझ्या मते अशा गुणांनीच संघ वाचतो.

वणीकर:
संत्रावाले भाऊ, आपले आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष मला पटत नाही. वुल्व्ह्जकडून हरलो असतो तरी शेवटच्या विजयानंतर आपले ३५ गुण झाले असते आणि लेस्टर ३४ वरच राहिले असते. याउलट २८ मे २०२३ रोजी शेवटच्या सामन्यात बोर्नमथविरुद्ध आपल्या दुकूरेचा गोल झाला नसता, तर सामना बरोबरीत सुटून आपले व लेस्टरचे प्रत्येकी ३४ गुण झाले असते आणि गोलफरकात आपण खाली गेलो असतो. प्रशिक्षक शॉन डायच यांनी जानेवारीअखेर सूत्रे हाती घेतल्यावर पहिल्याच सामन्यात अव्वल स्थानावरील आर्सेनलला १-० ने हरवले, पुढे मे महिन्यात ब्रायटनच्या मैदानावर ५-१ असा विजय मिळवला. हे तीन विजय वजा करून पाहा, मग आपल्या १२ बरोबऱ्या कोणाच्या कामी आल्या असत्या? (त्यांच्या आधीचे प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड यांच्याविषयी मी मुद्दाम काही लिहीत नाही, तो विषय निघाला की येथे भांडण होते.)

घाटंजीची क्रीडाशिक्षिका:
दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण खरा निकाल १ मे २०२३ च्या लेस्टरविरुद्धच्या सामन्यात लागला, असे मला वाटते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. लेस्टर स्वतःच्या घरच्या मैदानावर २-१ ने पुढे होते आणि मध्यंतराच्या तोंडावर त्यांना पेनल्टी मिळाली. लेस्टरच्या मॅडिसनच्या फटक्यांचा अभ्यास आपला गोलरक्षक पिकफर्ड याच्या पाण्याच्या बाटलीवर लिहून ठेवला होता आणि मध्येच उभे राहा, अशी सूचना होती. पिकफर्ड मध्येच राहिला व चेंडू त्याच्या हातात आला. गोलरक्षकाला एखाद्या बाजूला झेप घेण्याचा मोह आवरत नाही, हे मी शाळेच्या मैदानावर रोज पाहते, म्हणून त्या क्षणाची किंमत मला अधिक वाटते. पुढे आपल्या इवोबीने २-२ अशी बरोबरी साधली. लेस्टर जिंकले असते, तर त्यांचे ३६ व आपले ३५ गुण झाले असते आणि १९५४ पासून सर्वोच्च श्रेणीत सलग टिकलेला संघ खाली गेला असता. सरसकट बरोबरी मोलाची नसते. आपल्यासोबतच तळाशी घसरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे दोन गुण हिरावून घेणारी बरोबरी मात्र विजयाच्या जवळपास जाते.

संत्रावाला:
ताई, हा भेद मला मान्य आहे. मात्र वणीकर भाऊंनी पुढचा हंगामही विचारात घ्यावा. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियमभंगापोटी आपले आधी १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ झाले, मग एप्रिलमध्ये आणखी २ गेले. तरीही ४० गुणांवर आपण पंधरावे राहिलो. त्या हंगामात आपण ५१ गोल स्वीकारले आणि याहून कमी गोल केवळ तीन संघांनी स्वीकारले. गोल करणारा माणूस मिळेना, तेव्हा डायच यांनी मागची फळी आवळली, हेच मला सांगायचे होते.

वणीकर:
बचावाच्या मुद्द्यावर वाद नाही. पण त्या हंगामात आपण १३ सामने जिंकलो होतो, भाऊ, आणि बरोबऱ्या ९ च होत्या.