बुद्धिबळात पांढऱ्याच्या सी4 ला काळ्यानं काय खेळावं?

पेठकर: रविवारी सदाशिव पेठेत स्पर्धा खेळलो. समोर दहा वर्षांचा पोरगा, पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याचं प्यादं सी4 घरात, माझं ई5, त्याचा घोडा सी3, माझा एफ6, त्याचं प्यादं जी3, माझं डी5, प्यादी कापली, माझा घोडा डी5 वर, त्याचा उंट जी2. मी दुसरा घोडा सी6 ला काढला आणि डी5 चा फुकट गेला! चुकलं कुठे?

उंटावरचा: काका, डी5 वर त्याचे दोन मारे, तुमचा जोर एकट्या वजिराचा. घोडा आधी बी6 ला न्यायचा.

जुना खेळाडू: सी4 ची ही सुरुवात म्हणजे इंग्लिश ओपनिंग. इंग्लंडचा स्टाँटन 1843 मध्ये फ्रान्सच्या सेंट-अमांविरुद्ध ती खेळला, त्यावरून नाव. उलटी सिसिलियनच (सिसिलियन म्हणजे ई4 ला काळ्याचं सी5), फक्त रंग बदललेले आणि पांढऱ्याला एक चाल जास्त.

पेठकर: म्हणजे कार्टं घोकून आलं होतं! बाहेर आईजवळ चिक्की खात होतं.