मदत हवी आहे: नेव्हर्न क्रॉसवरची वीण कागदावर उतरत नाहीये

वेल्समध्ये पेम्ब्रुकशर भागात नेव्हर्न गावच्या चर्चच्या आवारात १०व्या-११व्या शतकातला कोरीव दगडी क्रॉस आहे, उंची साधारण ४ मीटर. त्यावरच्या गुंफणीच्या चौकटी फोटोंवरून काढतोय. आठ-दहा छेद (पट्ट्या एकमेकींना ओलांडतात त्या जागा) जमतात, मग एकच पट्टी सलग दोनदा वरून जाते. दगडाची झीज बरीच आहे. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
छेद मोजा, एखादा सुटलेला किंवा जादा धरलेला असणार. बंद वीण कितीही गुंतागुंतीची असो, वर-खाली आळीपाळीने बसतंच.

पट्टीच्या मधोमध खाच असेल तर एक पट्टी दोन भासते आणि सगळा हिशेब बिघडतो, तेही तपासा.

आधी ठिपके मांडा. तमिळ कोलममध्ये (ठिपक्यांच्या रांगोळीत) रेघ ठिपक्यांभोवती फिरते तीच ही रचना. ४×७ ठिपक्यांना अखंड एकच पट्टी लागते आणि छेद ४५ येतात. ४×६ ला दोन पट्ट्या, कारण ४ आणि ६ चा मसावि २. मग ठिपक्यांच्या ओळीतल्या छेदांवर उजवीकडे चढणारी पट्टी वर ठेवा आणि दोन ओळींमधल्या छेदांवर डावीकडे चढणारी. गाठी पाडायला काही छेद तोडून पट्टी वळवतात (पट्ट्यांची संख्या तिथे बदलू शकते), पण वर-खालीचा हा नियम तरीही टिकतो.

प्रतिसाद २
फोटोच बदला. भर दुपारच्या उजेडात उथळ खाच दिसतच नाही. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का करून, संध्याकाळी दिवा दगडाला जवळजवळ चिकटून, १०-१५ अंशांत धरा. चारही बाजूंनी एकेक फोटो हवा: उजेडाच्या दिशेने धावणारी खाच सावली टाकत नाही, त्यामुळे एकाच फोटोत अर्धी वीण गायब होते. त्रिमितीय प्रतिकृती करायची तर लगतच्या फोटोंत ७० टक्के भाग सामाईक ठेवा.

दगडफूल खरवडू नका, खाचांत खडू भरू नका, कागद ठेवून घासूही नका. खरवडताना दगडाचा पापुद्रा निघतो आणि उरलेली कडही जाते.

प्रतिसाद ३
तिथल्या काही चौकटींत काटकोनी वळणांची नक्षी आहे. तिच्यात पट्ट्या एकमेकींवरून जातच नाहीत, तिथे वर-खाली शोधू नका.

आणि मोजणी बरोबर असूनही दगडावर चूक दिसलीच, तर ती कोरणाऱ्याची. कागदावर सुधारू नका, आहे तशी काढून बाजूला खूण करा. हात कुठे अडला हे तिथेच कळतं.