हप्ता थकलेला असताना आभार कोणाचे?

एकाने विचारलंय, हॉटेलातली नोकरी गेली, हप्ता थकलाय, मग कृतज्ञ कशासाठी राहायचं? प्रश्न रास्त आहे. 'सकारात्मक राहा' हे ऐकून आमच्याकडे खाणी बंद पडल्या त्या काळात माझंही डोकं फिरायचं.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. घरचा एक ट्रक, खनिजाच्या वाहतुकीचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मग जेमतेम सुरू झाल्या, तर फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केली. 16 मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प! पावसाळ्यात अंगणात उभ्या ट्रकच्या टायरांभोवती तेरें, म्हणजे रानटी अळू, उगवलं. आईने तेच कापून, अंबाड्याची आंबट फळं घालून भाजी केली. ताटाकडे बघून मला रडू आलं, पण जेवलो मात्र पोटभर.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं सामान विकत घेणं परवडत नव्हतं. शेजारच्या काकांनी कुळागरातला, म्हणजे बागायतीतला, सुपारीचा घड आणून दिला, मामाने रानातून कांगलां ही रानफळं. दुकानदाराने न मागता उधारीची वही उघडली आणि उकडे तांदूळ मापले. माझी कृतज्ञता या माणसांसाठी आहे, मंदीसाठी मुळीच नाही. मंदीचे आभार मानायला सांगणाऱ्यांचं मला आजही पटत नाही.

आणि हो, बँकेत स्वतःहून जा, नोटीस यायच्या आधी. हप्ते लांबवून मिळतात का ते विचारा. आम्ही लाजेपोटी चार महिने घालवले, तेवढं व्याज चढलं.

वहीवरची उधारी फेडायला दीड वर्ष लागलं. अजून तांदूळ त्याच दुकानातून आणतो.